खांद्यावर बीम नसला तरी

मी एक जुना बीम आहे. मित्रांनो, हा शब्द वाचून तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे स्लॅबखालचा सिमेंटचा बीम आला असेल. तो मी नव्हे. मी मागाचा बीम. पोळीचं लाटणं माणसाएवढं लांब आणि मांडीएवढं जाड झालं आणि त्याच्या दोन्ही टोकांजवळ एकेक लाकडी चकती बसवली, तर जे दिसेल तो मी. साडी विणायला घेण्याआधी तिचे सगळे उभे धागे माझ्याभोवती गुंडाळतात. त्या धाग्यांना ताणा म्हणतात. मग मला मागाच्या पाठीमागे बसवतात. विणकर पुढे बसून विणत जातो आणि मी थोडा थोडा फिरत त्याला धागा देत जातो.

खानापूरकडच्या सागवानाच्या एका ओंडक्यातून रवळू सुताराने मला घडवलं. त्याचं काम सावकाश चाले. रंधा मारून झाला की तो डोळे मिटून माझ्यावरून तळहात फिरवी, आणि कुठे बारीकशी कूस बोटाला लागली की पुन्हा रंधा घेई. "धाग्याला अडकंल आसं काय बी ठिवायचं न्हाय," असं तो स्वतःशीच म्हणे. असा चार दिवस गुळगुळीत होऊन मी बेळगावच्या वडगावात आलो, मारुतीरावांच्या घरी. मारुतीराव हातमागावर साड्या विणत. त्यांच्या मागावर मी तीस वर्षं काम केलं. किती साड्या माझ्यावरून उतरल्या ते मला सांगता येणार नाही. पण हिरव्या काठाची एक साडी विणून झाली तेव्हा घरातली सगळी माणसं मागाभोवती उभी राहून नुसती बघत होती, एवढं मला आठवतं.

माझ्यावरचा ताणा संपला की मला पुन्हा भरून आणायला रस्त्यापलीकडे न्यावं लागे. तिथे ताणा भरण्याची शेड होती, आजही आहे. रिकामा बीम हलका असतो. एकटा माणूस तो काखेत मारून भराभरा निघून जातो. पण भरलेला बीम म्हणजे जोखमीचं काम. तीन-चार हजार धागे आपापल्या जागी ओळीने बसलेले असतात. बीम आपटला की ते सैल पडतात, एकमेकांत घुसतात, आणि तो गुंता सोडवायला अख्ख्या घराला आठ-आठ दिवस बसावं लागतं. म्हणून दोघंजण मला खांद्यावर घेत, एक पुढे, एक मागे, आणि पाऊल मोजून चालत.

आणि म्हणूनच वडगावात एक रीत होती. भरलेला बीम रस्त्यात आला की त्याला आडवं जायचं नाही. पुढचा माणूस हाक देई, "बीम आलाय, निंद्री." निंद्री म्हणजे कन्नडात थांबा. आमच्याकडे एका हाकेत दोन भाषा सहज मावतात. हाक ऐकली की सायकलवाला खाली उतरे, बैलगाडीवाला कासरा ओढी. एकदा तर माझ्यासाठी लग्नाची वरात थांबली होती. घोड्यावरचा नवरदेव घामाने निथळतोय, बँडवाल्यांची पिपाणी ओठांपाशी थबकली आहे, आणि मी सावकाश रस्ता ओलांडतोय. पलीकडे पोचल्यावर मारुतीराव मागे वळून म्हणाले, "चला आता, लगीन लावा." सगळी वरात हसली.

त्या वेळी मला वाटे, हा मान माझा आहे.

पुढे मारुतीराव गेले. त्यांचा मुलगा मष्णू मागावर बसू लागला. माझ्या एका चकतीला तडा गेला, तेव्हा मष्णूने नवा बीम आणला आणि मला बाहेर, घराच्या भिंतीशी दोन दगडांवर आडवं ठेवलं. सुरुवातीला मला फार वाईट वाटलं. माझ्यावर ओली पोती वाळू लागली, कोंबड्या बसू लागल्या, गल्लीतली मुलं माझा घोडा करू लागली. पण मष्णूचं घर गल्लीच्या अगदी तोंडाशी आहे. समोरच रस्ता. दिवसभर बघायला मिळे, आणि बघायची सवय लागली की एकटं वाटत नाही.

हा रस्ता पूर्वी शेतांकडे जात होता. नंतर पलीकडे प्लॉट पडले, बंगले उभे राहिले, रस्ता दुप्पट रुंद झाला. गाड्या आल्या, टेम्पो आले, आणि त्यांचा वेगही आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं रोज रस्ता ओलांडतात, पण तिथे पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही, दिवा नाही. पट्ट्यांसाठी अर्ज दिलेला आहे. गाडी शिकताना सगळ्यांना शिकवलेलं असतं की पट्टे असोत वा नसोत, चालणारा माणूस ओलांडत असला तर त्याला आधी जाऊ द्यावं. शिकलेलं सगळंच माणसाच्या लक्षात राहत नाही.

आता तुम्हाला अंबुबाईंची ओळख करून देतो. अंबुबाई रस्त्यापलीकडे एका खोलीत एकट्या राहतात. वय सत्तरीला आलेलं. चाळीस वर्षं त्या मष्णूच्या घरी कांड्या भरतात. कांडी म्हणजे आडवा धागा गुंडाळलेली छोटी नळी. ती धोट्यात, म्हणजे होडीसारख्या लाकडी खोक्यात, बसते आणि विणताना इकडून तिकडे पळते. अंबुबाईंच्या हातची कांडी मध्येच अडकत नाही, असा त्यांचा लौकिक. सकाळी दहाला त्या यायच्या, दुपारी जेवायला घरी जायच्या, तीनला परत यायच्या आणि सहाला घरी जायच्या. म्हणजे दिवसातून चार वेळा हा रस्ता.

माघातल्या एका सकाळी त्या रात्री आपल्या खोलीवर भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन येत होत्या आणि एका स्कूटरचा त्यांना धक्का लागला. मला काही दिसलं नाही, कारण माझ्यापुढे दोरीवर चादर वाळत होती. फक्त टोपली पडल्याचा आवाज ऐकू आला. मष्णू धावला. अंबुबाईंचे तळहात सोलवटले होते, गुडघ्याला मुका मार लागला होता, आणि कांड्यांवरून गाड्यांची चाकं चालली होती.

"कोन हुतं, आक्का?" मष्णूने विचारलं.

"बघितलं न्हाय," अंबुबाई म्हणाल्या.

"बाहेरचंच कोन तरी असणार. आपल्यातलं आसं करत न्हाय."

अंबुबाईंनी चेपलेल्या कांड्या टोपलीत गोळा केल्या. पण त्या दिवसापासून त्यांचं पाऊल रस्त्यात पडेना. पलीकडे कडेला त्या उभ्या राहत. एक पाय खाली टाकत, लांबून हॉर्न वाजला की तो परत वर घेत. कधी पाव तास, कधी अर्धा तास. गाडीवाले हाताने खूण करत, मागे सरका. मी इकडून बघत असे. माझ्यासाठी वरात थांबली होती, आणि या बाईसाठी एक मोपेड थांबत नव्हती.

त्यांची मुलगी कांता निपाणीला असते. तिला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, आता पुरे झालं. दिवाळीला मी येते आन् तुला घेऊनच जाते."

"तितं यिऊन काय करू?" अंबुबाई म्हणाल्या. "हात रिकामं ऱ्हायलं की मला जीव नको हुतोय गं."

हे सगळं त्या मष्णूची बायको मालुबाई हिला सांगत होत्या, म्हणून मलाही कळलं. रस्ता ओलांडता आला तर काम, स्वतःची खोली, स्वतःची माणसं. नाही आला तर निपाणी. गोष्ट एवढी सरळ होती.

मग एक दिवस असं झालं की मष्णू आणि शेडचा मालक भरमू भरलेला बीम घेऊन पलीकडून निघाले. हाक दिली. गाड्या थांबल्या. नव्या लोकांनाही ती रीत हळूहळू ठाऊक झाली होती, कारण बीम पडला तर सगळी गल्ली जमा होते. अंबुबाई कडेला उभ्याच होत्या. त्या चटकन बीमाच्या आडोशाला आल्या आणि बीमाबरोबर चालत इकडे पोचल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांनी बीम कधी निघतो याची वाट पाहिली.

"काय आक्का," भरमू म्हणाला, "बीमाची बस धरताय व्हय?"

"बस येळंवर येती तरी," अंबुबाई म्हणाल्या. "तुझा बीम लई वाट बघायला लावतोय."

मष्णूला यातून युक्ती सुचली. त्याने मला दगडांवरून उचललं, धूळ पुसली आणि माझ्याभोवती एक जुनं पांढरं धोतर घट्ट गुंडाळलं. लांबून बघणाऱ्याला मी थेट भरलेला बीम वाटावा असा. दहाला, जेवायच्या वेळी, तीनला आणि सहाला मष्णू आणि भरमू मला खांद्यावर घ्यायचे, "बीम आलाय, निंद्री" म्हणायचे, आणि अंबुबाई माझ्या आडोशाने चालायच्या. गाड्या थांबायच्या. काही दिवसांनी शाळेची मुलं येऊन मिळाली. मग दूध घालणारी बाई. मग काठी टेकत चालणारे एक मास्तर. माझ्यामागे चांगली रांग लागू लागली.

मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा फार आनंद झाला. इतक्या वर्षांनी माणसाचा खांदा मिळाला होता. आपण फसवतो आहोत, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो आणि वाऱ्याची एक वावटळ आली. धोतराचं टोक सुटलं, फडफडलं, आणि बघता बघता सगळं धोतर उडून समोर थांबलेल्या टेम्पोच्या काचेवर जाऊन बसलं. तो टेम्पो सदलग्याच्या पद्मराजचा होता. तो रोज भाजी भरून येतो आणि आमच्या भागातल्या दुकानांना पोचवतो. त्याने खाली उतरून काचेवरचं धोतर काढलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो तर मोकळा हाय की रं," तो म्हणाला. "म्हैना झाला, रोज ह्याच्यासाठी गाडी उभी करतोय मी. माझी भाजी उनात सुकाय लागली आन् तुमी नाटक करताय व्हय?"

"नाटक न्हाय, अण्णा," मष्णू म्हणाला. "आक्काला आन् पोरांना पलीकडं न्यायचंय."

"मग न्या की. बीम कशाला?"

"बीम नसता तर थांबला असतास?" अंबुबाईंनी विचारलं.

पद्मराज जरा गडबडला. "तुमी कडेला हुभं ऱ्हायचं, आक्का. गाड्या गेल्यावर जायाचं."

"गाड्या जायाच्या कवा थांबत्यात, तेवढं सांग. तवा जाते."

मागच्या गाड्यांमधलं कोणीतरी हसलं. पद्मराजने धोतर मष्णूच्या खांद्यावर टाकलं आणि टेम्पो सुरू केला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. वडगावात खोटा बीम काढतात, असं लोक बोलू लागले. मला परत दगडांवर ठेवण्यात आलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पंधरा दिवसांनी मष्णू आणि भरमू खरा बीम घेऊन निघाले. लग्नाच्या साडीचा रेशमी ताणा होता. हाक दिली. एका पांढऱ्या गाडीने वेग कमी केला, आणि मग तिच्या चालकाला वाटलं असावं, हाही खोटाच. त्याने हॉर्न वाजवून गाडी पुढून काढली. मष्णू दचकून मागे सरला, त्याचा खांदा निसटला आणि बीम रस्त्यावर आपटला.

मष्णूच्या अंगठ्याचं नख गेलं, ते पुढे बरं झालं. रेशमाकडे मात्र बघवत नव्हतं. कंगवा न फिरलेल्या केसांसारखं ते विस्कटलं होतं.

अंबुबाई मष्णूच्या दारात उभ्या होत्या. "माझ्यापायी झालं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून निपाणीला फोन लावला. "दिवाळीला ये कांता. मी यायला तयार हाय."

गुंता सोडवायला मष्णूच्या ओट्यावर सगळे बसले. मष्णू, मालुबाई, भरमू आणि अंबुबाई. मी शेजारीच होतो. धागा धागा वेगळा करताना भरमूचं तोंड चालू होतं.

"बाहेरची माणसं आली आन् रीत बुडाली. आपल्यातलं कोन कवा बीमाला आडवं गेलंय काय?"

"बीमाला न्हाय," अंबुबाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

अंबुबाईंनी हातातला धागा सोडवून बाजूला ठेवला. "माघात मला पाडून गेली ती स्कूटर बाहेरची न्हवती, भरमू. तुझी हुती."

भरमू त्यांच्याकडे बघत राहिला.

"माझी? आक्का, मला तर काय ठावंच न्हाय."

"ठावं कसं असंल? पुढं सुताची पोती रचलेली. त्यांच्यातनं पलीकडचं तुला दिसत न्हवतं. कडंनं धक्का लागला आन् तू तसाच गेलास. सूत पडू नये म्हणून सांभाळत चाललातास."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"काय बोलायचं? तुला मांडीवर खेळवलंय मी. आन् मष्णू म्हणाला, आपल्यातलं आसं करत न्हाय. त्येच्या पुढं कुटं बोलू."

मष्णूने मान खाली घातली. मालुबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आन् हे तरी कुटं थांबत्यात? परवा खडेबाजारात मी मागं बसलेली. एक म्हातारा निम्म्या रस्त्यात आलता, तर ह्येंनी हॉर्न वाजवून त्याला परत कडंला चढवलं."

"तू मधी बोलू नको गं."

"हात धाग्यात अडकल्यात. तोंड मोकळंच हाय माझं."

अंबुबाईंना हसू आलं. भरमूला मात्र आलं नाही. त्याने हातातली गाठ सोडवली आणि तो हळूच म्हणाला, "मी बीमासाठी थांबतोय. माणसासाठी कवा थांबलोय, आठवत न्हाय."

मित्रांनो, तेव्हा मला माझी चूक कळली. मला वाटलं होतं, लोक मला मान देतात. मग वाटलं, धाग्याला देतात. पण मारुतीरावांच्या वेळी सायकलवरून उतरणारा माणूस विणकराच्या घरच्या कष्टाची कदर करून उतरत होता. पुढे ती कदर विसरली गेली आणि नुसता बीम लक्षात राहिला. रीत बुडवली होती ती एकट्या बाहेरच्या लोकांनी नव्हे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अंबुबाई पलीकडे कडेला येऊन उभ्या राहिल्या. भरमू स्कूटरवरून येत होता. त्याने लांबूनच वेग कमी केला, डावा हात वर केला आणि गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी केली. त्याच्यामागे एक गाडी करकचून थांबली. तिच्यातल्या माणसाने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं? बंद पडली काय?"

"बंद न्हाय. आक्का जात्यात."

"बीम कुटाय?"

"बीम न्हाय," भरमू म्हणाला. "आक्का हायत."

अंबुबाई निघाल्या. भीतीने त्यांचा पाय अडखळत होता. त्यांना इकडे पोचायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ हॉर्न वाजत राहिले. भरमू हलला नाही.

मग मष्णूने शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं. आमच्या गल्लीत आणि आजूबाजूला मागवाल्यांच्या शंभरेक स्कूटर असतील. दिवसभर त्या याच रस्त्याने सूत आणतात, साड्या पोचवतात. मष्णूचं म्हणणं साधं होतं. आपण थांबलो की मागचा आपोआप थांबतो. दुसऱ्याला शिकवायला जायला नको, आपण आपला ब्रेक दाबू. काहीजण हसले. एकजण म्हणाला, सूत पोचायला उशीर होईल. पण बरेचजण थांबू लागले. पहिल्या आठवड्यात मागून दोनदा धडक बसली, तेव्हा भरमूने सगळ्यांना दाखवलं की एकदम ब्रेक मारायचा नाही. लांबूनच वेग उतरवायचा, हात दाखवायचा, मग थांबायचं.

हे काही चार दिवसांत झालं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. कधी सगळे थांबत, कधी कोणीच नाही. अंबुबाई काही दिवस थेट येत, काही दिवस मष्णूचा हात धरून येत. पिशवीत भरायचे कपडे त्यांनी घडी करून ठेवलेच होते.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी तीन वाजता रस्त्यावर एकही स्कूटर नव्हती. अंबुबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. लांबून पद्मराजचा टेम्पो भरधाव येत होता. अंबुबाईंनी हात वर केला, चालकाकडे नीट बघितलं आणि एक पाऊल खाली टाकलं. मी श्वास घेत नाही, नाहीतर तो रोखला असता. टेम्पोचा वेग उतरला. आणखी उतरला. तो त्यांच्यापासून चार हातांवर थांबला.

पद्मराजने काच खाली केली. "जावा आक्का. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं ऱ्हायलं हुतं."

"लई दिस लावलास," अंबुबाई म्हणाल्या आणि रमतगमत इकडे आल्या. चरख्यासारख्या रहाटावर बसल्या आणि कांड्या भरू लागल्या. त्या दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा चार कांड्या जास्त भरल्या, असं मालुबाई म्हणत होती.

दिवाळीला कांता आली. आईचे कपडे न्यायला मोठी रिकामी पिशवी घेऊन आली होती. खोलीला कुलूप होतं, म्हणून ती रस्त्याच्या कडेला आली. अंबुबाई इकडे मष्णूच्या ओट्यावर होत्या. कांता दोन-तीन वेळा पुढे सरकली आणि मागे गेली. अंबुबाई उठल्या, आपल्या बाजूने रस्त्यात उतरल्या आणि हात वर करून चालू लागल्या. दोन स्कूटर थांबल्या, एक रिक्षा थांबली. त्या मुलीपाशी पोचल्या, तिचा हात धरला आणि तिला घेऊन परत आल्या.

"पळू नको," त्या सांगत होत्या. "पळणाऱ्याचा अंदाज येत न्हाय गाडीवाल्याला. त्येच्या तोंडाकडं बघ. ती गाडी थांबली म्हणून लगेच जाऊ नको, तिच्या पलीकडनं दुसरी येती का बघ. मग चाल."

"आई, तू मला रस्ता शिकवतीस?" कांता म्हणाली.

"मग. तू काय, निपाणीची."

कांता चार दिवस राहिली. रोज दहाला आणि तीनला ती दारात उभी राहून आईला जाता-येताना बघत असे. पाचव्या दिवशी ती निपाणीला गेली. पिशवी मोठी होती, पण तिच्यात फराळाचे डबे आणि मष्णूने दिलेली एक साडी होती. अंबुबाईंचे कपडे पुन्हा दोरीवर लटकत होते.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. सगळे थांबतात असं मी म्हणणार नाही. आजही कोणी हॉर्न वाजवून निघून जातो. पट्टे अजून मारलेले नाहीत. म्हणून तुम्ही रस्ता ओलांडताना अंबुबाईंनी सांगितलेलं विसरू नका. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात स्कूटर येईल, गाडी येईल. तेव्हा कडेला उभं असलेलं माणूस कोण आहे, ओळखीचं आहे की परकं, त्याच्या हातात काही मोलाचं आहे की नाही, याचा विचार करत बसू नका. लांबूनच वेग उतरवा आणि त्याला जाऊ द्या. तुमचा थोडासा वेळ जाईल. त्या थोड्याशा वेळात एखाद्याचं काम, घर, गाव टिकतं, हे मी माझ्या जागेवरून पाहिलं आहे.

मी आता कोणाच्याच उपयोगाचा नाही, आणि याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. मला उचलावं लागत नाही, हेच बरं आहे.

तीन वाजत आले आहेत. अंबुबाई पलीकडे टोपली घेऊन उभ्या राहिल्या आहेत. त्यांनी हात वर केला आहे. लांबून एक निळी गाडी येते आहे. ती आमच्या भागातली नाही, मी तिला आज पहिल्यांदाच बघतो आहे. तिचा वेग कमी होतो आहे.